खांबटेकडी कोणी केली

१० नोव्हेंबर १९७४, रविवार. पूर्णा

सुट्टी म्हणून घरी आले, तर सुट्टी कसली. सहामाहीचे पेपर पिशवीत तसेच पडलेत. आबांनी पुढच्या रविवारी ट्रक ठरवला आहे. त्यांचे दोस्त भिवाकाका सरकीचा ट्रक चालवतात, रविवारी मालकाची हरकत नसते. सगळी वस्ती खांबटेकडी बघायला निघणार.

रेल्वेच्या गँगमधून रिटायर झाल्यापासून आबांना दुसरा विषय नाही. कुणाच्या तरी लग्नाला त्या बाजूला गेले, टेकडी पाहिली आणि ठरवून टाकलं की तो आपल्या लोकांचा जुना विहार आहे, पडलेला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाही इतके पेटले नव्हते असं माय म्हणते. पायथ्याची सरकारी जमीन विहारासाठी मिळावी म्हणून तालुक्याला अर्ज दिला आहे. अर्जात काय लिहिलंय ते दाखवत नाहीत.

वस्तीत सांगून ठेवलंय, माझी पोरगी भूगोलात बी.ए. हाय, परभणीला शिकवती, ती बगून सांगंल. मला कुणी विचारलेलं नाही. टेकडी पाहायच्या आधीच मी तिचा दाखला होऊन बसले आहे.

मायला म्हटलं, मी येत नाही. ती भाकरी थापताना वर न बघता म्हणाली की तुझ्या फियांसाठी त्या माणसानं डबल ड्यूट्या केल्या, एक रविवार दे. झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंग ठेचून निघालंय, तरी आजच लिहिते. उद्या राग निवेल.

उजाडायच्या आत निघालो. ट्रकमध्ये खाली पोती, त्यावर बाया आणि लेकरं, कडेला पुरुष उभे. पाण्याचं पिंप, भाकऱ्यांची गाठोडी. मला केबिनमध्ये बसवलं, शिकलेली म्हणून. परभणीला चहा. झरीपर्यंत बायांची गाणी. बोरीला एकीला मळमळायला लागलं, तिला पुढं बसवून मी मागं गेले आणि बरं वाटलं. जिंतूरच्या अलीकडं फाटा, पुढं बैलगाडीची वाट. भि.काका सारखे शिव्या देत होते, ट्रकला नाही, रस्ते करणाऱ्यांना.

आणि मग ती टेकडी. एका अंगानं टेकडी सुरीनं कापल्यासारखी आहे आणि त्यात नुसते खांब. काळे, उभे, एकाला एक चिकटून, पाच बाजूंचे, सहा बाजूंचे, दोन-तीन पुरुष उंच. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवाव्यात तसे. वर चढून गेलं की त्यांची डोकी दिसतात, फरशी बसवल्यासारखी. दगडानं ठोकलं की लोखंडासारखं वाजतं. असलं काही आपल्या जिल्ह्यात आहे आणि मी पाच वर्षं मुलींना फळ्यावर परदेशातलं चित्र काढून दाखवते.

कारण पाहिल्याबरोबर मला कळलं होतं. लाव्हा निवतो, आकसतो, त्याला भेगा पडतात, त्या सरळ खाली उतरत जातात आणि खांब सुटे होतात. माणसाचा हात कुठंही नाही. तरी मी छिन्नीची खूण शोधली. प्रत्येक पडलेला तुकडा उलथा करून पाहिला. आबांसाठी शोधली.

आबा टोपी काढून उभे होते. मग त्यांनी सगळ्यांत सरळ खांब निवडला, विती टाकून मोजला, एक डोळा मिटून खालून वर पाहिला. रुळाची रेघ अशीच बघायचे. तीस वर्षं तेच काम. पहारीनं रूळ सरळ करायचा, उन्हानं तो सरकायचा, की परत पहार.

मला जवळ बोलावून म्हणाले, "पमा, सरळ आपोआप काय व्हत न्हाई. म्या रूळ ठिवलेत सरळ. एक पावसाळा दुर्लक्ष केलं की वाकतेत. हे इतक्या सालांचं सरळ हाय, म्हंजे कुन्या शान्या हातानं केलंय."

बाया खांबांना डोकं टेकवायला लागल्या. वंदना झाली. भाकरी खाताना सगळ्यांचे चेहरे इतके खुशीत होते की मी तोंडात घास धरून बसले. जिथं जाऊ तिथं दुसऱ्याची वेस, दुसऱ्याचं देऊळ. इथं पहिल्यांदा वाटत होतं सगळ्यांना की आपण आपल्याच घरी आलोय.

गावातली माणसं लांब बांधावर बसून बघत होती. त्यांच्यात याला वऱ्हाड म्हणतात. लग्नाला निघालेलं वऱ्हाड शाप लागून दगड झालं, अशी गोष्ट आहे. नवरदेव कुठला, करवल्या कुठल्या, वाजंत्री कुठले, सगळं ठरलेलं आहे. पण पूजा-बिजा काही दिसली नाही. दगडांत शेळ्या बसलेल्या होत्या.

परतताना आबांच्या शेजारी बसले आणि सांगितलं. लाव्हा, निवणं, भेगा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशाच, फक्त दगडाला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की कापसाच्या रानातल्या भेगेत त्यांचा पाय मुरगळला होता, ती भेग वाकडी होती.



१८ नोव्हेंबर

सकाळी माय पाणी भरता भरता म्हणाली, "तुला सांगायची काय नड व्हती?" मी म्हटलं, विचारलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तेनी इचारलंच न्हाई. तेनी तुला दाखवलं."

यावर दिवसभर विचार करतेय आणि चिडतेय. मग मला शिकवलं कशाला?

आबा मात्र जणू काही झालंच नाही असे. संध्याकाळी चार लोकांना सांगत होते की पोरीला पण लय आवडलं.

२ डिसेंबर. परभणी

शाळा सुरू. ग्रंथालयातल्या जाड इंग्रजी पुस्तकात तसलेच खांब सापडले, समुद्रकाठचे. खाली नीट लिहिलंय कसे होतात ते. आकृती वहीत उतरवून घेतली. आबांना दाखवेन असं वाटलं, मग वाटलं कशाला. त्यांना आकृती कळेल. कळेल हीच तर अडचण आहे.

मुख्याध्यापिका बाईंना सहज बोलले, तर सहल नेऊ या म्हणाल्या. मग विचारलं की तिथं मुलींना सावलीची सोय काय? काही नाही म्हटल्यावर विषय संपला.

१२ जानेवारी १९७५, रविवार. पूर्णा

मुद्दाम आले. महसूलचे साहेब २१ तारखेला जागा बघायला येणार आहेत. शेवटी अर्ज पाहायला मिळाला. आबांच्या अक्षरात, ओळ न ओळ सरळ. 'सदर टेकडी हे आमच्या पूर्वजांचे पुरातन विहार असून'.

दुपारभर भांडण. माझं म्हणणं एवढंच की 'पुरातन' काढा. सरकारी जमीन आहे, वस्तीला समाजाची इमारत हवी आहे, सरळ जागा मागा. मिळेल किंवा मिळणार नाही. खांबांवर कशाला टांगता सगळं? उद्या कुणी जाणकार आला, नैसर्गिक आहे म्हणाला, तर अर्ज तिथंच मेला.

आबा आधी ऐकत होते. मग बिनसलं. आवाज चढवत नाहीत ते, उलटा खाली नेतात.

"नुस्ती जागा मागनं म्हंजे भीक. जनमभर मागितलंय. नोकरी मागितली, क्वार्टर मागितलं, तुझ्या हास्टेलात जागा मागितली. हे एक मागायचं न्हाई मला. हे आपलं व्हतं, ते परत द्या म्हनायचंय."

मी म्हटलं, पण आबा, ते आपलं नव्हतं. ते कुणाचंच नव्हतं. माणूसच नव्हता तेव्हा पृथ्वीवर.

हे बोलायला नको होतं असं नाही. पण ते पाणी प्यायला उठले आणि आलेच नाहीत परत. बाहेर ओट्यावर बसून राहिले. मायनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दाराला लाथ घालून निघाले असते, पण गाडीला वेळ होता.

जाताना आबा स्टेशनवर आले. पिशवी उचलून डब्यात ठेवली. म्हणाले, २१ ला रजा काढ. साहेब शिकल्यालं माणूस हाय, शिकल्याल्याशी शिकल्यालंच बोलावं.

म्हणजे अजूनही वाटतंय त्यांना की मी त्यांच्या बाजूनं बोलेन. किंवा खरं आणि त्यांची बाजू एकच आहे असं वाटतंय. माहीत नाही.

१९ जानेवारी. परभणी

जाऊच नये. पोटात दुखतंय म्हणावं. नववीच्या मुली असली कारणं सांगतात तेव्हा मी त्यांना उभं करते.

रजेचा अर्ज दिला.

२१ जानेवारी, मंगळवार

खोलीवर परत आले आहे. क्रमानं लिहिते, नाहीतर नुसती शिवीगाळ होईल.

साहेब जीपमधून आले, सोबत तलाठी. जीप आधी माधवरावांच्या मळ्यावर थांबली. टेकडीला लागून माधवरावांची जमीन आहे. चहा, पोहे तिथंच. आम्ही सगळे पायथ्याशी उन्हात उभे. आबांनी धुतलेलं धोतर, कोट घातला होता, रेल्वेचा बिल्ला का लावला होता कुणास ठाऊक.

साहेब वाईट माणूस नाही. हे लिहायला हवं. तरुण आहे, नीट बोलतो, आबांना 'तुम्ही' म्हणाला. खांब बघून 'वा' म्हणाला. आबांनी सगळं सांगितलं, सरळपणाचं, सांध्यांचं, फरशीचं. इतकं सुंदर सांगितलं की क्षणभर मलाही छिन्नीचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, पुरावा काय? शिलालेख, मूर्ती, नाणं काही? आबा म्हणाले, माझी मुलगी भूगोलाची शिक्षिका आहे, ती सांगेल.

सगळे माझ्याकडं. आपली माणसं एका बाजूला, माधवराव आणि गावातले दुसऱ्या बाजूला. साहेब म्हणाले, "बोला बाई. तुम्ही शिकलेल्या आहात. हे माणसांनी केलेलं आहे का?"

मी म्हटलं, नाही.

मग सगळं सांगितलं. पाठ होतं. वर्गात सांगते तसं सांगितलं, हातवारे करून. साहेब मान डोलावत होते. मी शेवटी म्हटलं की तरीही ही जमीन सरकारी आहे, वस्तीची मागणी वेगळी, ती द्यायला याची आडकाठी नाही. ते म्हणाले, तो मुद्दा वेगळा, अर्जात तसं नाही.

तलाठ्यानं पंचनामा लिहून मोठ्यानं वाचला. 'अर्जदाराचे कन्येचे सांगण्यावरून सदर दगड नैसर्गिक असल्याचे दिसून येते.' मी म्हटलं, मग हेही लिहा की हे वऱ्हाड नाही, शाप नाही, लग्न नाही, तेही खोटं आहे. साहेब हसले. म्हणाले, "तसा अर्ज कुणी केलेला नाही, बाई."

आबांनी पंचनाम्यावर सही केली. माधवराव आमच्यासमोर त्यांना म्हणाले, "लेकरू शिकवावं तर आसं. खरं बोलली बगा पोरगी." आबा म्हणाले, "हो."

भाड्यानं ठरवलेल्या ट्रकमध्ये केबिनची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. आबा मागं चढले. परभणीला मी उतरले तेव्हा बायांमधून फक्त एकीनं विचारलं, उतरलीस का? बाकी कुणी नाही. आबा दुसरीकडं बघत होते.

मी खरं बोलले. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. खरंच बोलले ना?

२२ जानेवारी

आठवीला ज्वालामुखी शिकवायचा होता. नद्या शिकवल्या.

९ मार्च, रविवार. पूर्णा

मी आले की आबा बाहेर पडतात. भांडत नाहीत. 'आलीस का' म्हणतात, चप्पल घालतात, रेल्वे यार्डाकडं फिरायला जातात. माय दोघांची वेगवेगळी ताटं वाढते. घरात पाहुणी असल्यासारखी बसते मी.

अर्ज नामंजूर. 'पुराव्याअभावी'. आबांनी तो कागद कुठंतरी ठेवून दिला, दाखवलाही नाही. मायनं सांगितलं.

भि.काका भेटायला आले होते. ते त्या बाजूला सरकी आणायला गेले होते. म्हणाले, टेकडीवर शेंदूर लागलाय. पत्र्याची शेड होतीय. माझा विश्वास बसला नाही. ते म्हणाले, जाऊन बघ की. शिकल्याली हायेस, डोळ्यानं बगितल्याबिगर तुला पटायचं न्हाई. टोमणा होता. घेतला.

१६ मार्च, रविवार

एकटी गेले. एस.टी.नं फाट्यापर्यंत, मग पायी, उन्हात.

शेंदूर आहे. आबांनी विती टाकून मोजला होता तोच खांब नवरदेव झालाय. त्याला बाशिंग बांधलंय, खाली चांदीच्या कागदाचे डोळे. शेजारचे करवल्या. पत्र्याची शेड, भगवा झेंडा, नारळाची कवचं, अगरबत्तीच्या काड्या. जिथं आपल्या बायांनी बसून भाकरी खाल्ली होती तिथं कुंपण. कुंपणाच्या आत ती सरकारी जमीनही आली आहे. शेळ्या हाकलून दिल्यात.

एक म्हातारी झाडत होती. तिनं पाणी दिलं, कुठली म्हणून विचारलं. मी परभणीची म्हटलं. तिनं मायेनं सगळी गोष्ट सांगितली, कुठल्या करवलीनं काय केलं, नवऱ्यानं मागं वळून का पाहिलं. लग्न ठरत नसेल तर पाच सोमवार ये म्हणाली. तिच्यावर कसं रागावणार?

माधवराव आले. ओळखलं. खुर्ची मागवली, सावलीत बसवलं. आदरानंच बोलत होते. मी सरळ विचारलं. जानेवारीत तुमच्यासमोर ठरलं ना की हे नैसर्गिक आहे? मग हा देव कुठून आला?

ते अगदी मनापासून बोलले, त्यात कपट होतं असं म्हणवत नाही मला.

"तुमीच सांगितलंत न्हवं बाई, मानसानं केलं न्हाई म्हून. आमाला बी तवर खातरी नव्हती. वाटायचं, आसंल कुन्या जुन्या राजानं केल्यालं. तुमी सायबापुढं बोललात, कागदावर आलं. मानसाचा हात न्हाई. मग कुनाचा हाय? सोयंभू म्हनतेत ते हेच की."

मी पुन्हा लाव्हा सांगायला लागले. ते ऐकत होते. वर्गातल्या हुशार मुलीसारखे मधेमधे 'बरोबर' म्हणत होते. शेवटी म्हणाले, "आन त्यो लाव्हा कुनी केला?"

नारळाची शकलं हातात दिली. मी घेतली. फेकली नाहीत. फाट्यापर्यंत मुठीत धरून चालले आणि एस.टी.च्या सीटखाली ठेवून उतरले. इतकं शूर माणूस मी.

७ एप्रिल

तालुक्याला जाऊन आले. साहेब तेच. बसा म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या पंचनाम्यात नैसर्गिक दगड आहे, त्यावर शेड आणि कुंपण आहे, जमीन सरकारी आहे. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसले. म्हणाले, असं आहे बाई, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. यात आम्ही पडत नाही.

मी विचारलं, आमच्या वेळी हा कसला प्रश्न होता?

ते म्हणाले, तुमच्या वेळी अर्ज होता. अर्ज आला की पुरावा बघावा लागतो. त्यांनी अर्जच केलेला नाही.

म्हणजे मागितलं की सिद्ध करा. घेतलं की श्रद्धा. आणि हे सगळं तो माणूस इतक्या सभ्यपणे सांगत होता की मी बाहेर येताना 'नमस्कार' म्हणाले. सवय.

शाळेत मुख्याध्यापिका बाईंना कळलंय. पुढच्या वर्षी सहल तिकडंच नेऊ म्हणतात. आता शेड झाली, मुलींना सावली आहे.

४ मे. पूर्णा

उन्हाळी सुट्टी. घर भट्टीसारखं. आबा आता उन्हामुळं बाहेर जाऊ शकत नाहीत, म्हणून दोघं एका खोलीत. ते पेपर वाचतात, मी वाचते. पेपराची पानं अदलाबदल करतो, न बोलता.

आज मीच बोलले. सगळं सांगितलं. शेंदूर, बाशिंग, माधवरावांचं बोलणं, साहेबांचं बोलणं. काहीच गाळलं नाही. म्हटलं मारतील तर मारू देत, लहानपणी कधी मारलं नाही.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्यांच्या खांबाला बाशिंग बांधलंय म्हटल्यावर फक्त चष्मा काढला.

"म्हंजे तू तेंला देव दिलास," ते म्हणाले. "आन मला दगड."

माय स्वयंपाकघरातून म्हणाली, असं बोलू नका लेकराला. ते म्हणाले, खोटं बोललो का? तिलाच इचार, तिला खरं लागतंय.

मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं, त्यांनी समजूत घातली असती. लहान असताना घालायचे. आता मी त्यांच्याएवढीच हट्टी झाले आहे आणि याचं त्यांना कौतुक होतं, जानेवारीपर्यंत.

५ मे

रात्रभर तेच वाक्य.

त्यात एक अक्षर खोटं नाही, हा त्रास आहे. चिडायचं तर कुणावर चिडू? आबा चुकले, पण त्यांनी माणसाच्या हाताला मान दिला. तिकडच्यांनी दगडाला दिला. मी पुस्तकाला. सगळ्यांत कमी कुणाचं नुकसान झालं, ते उघड आहे. मला पगार चालू आहे.

१८ मे, रविवार

आबांनी वस्तीत सांगितलं की वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, खांबटेकडीवर वंदना करायची. पुढच्या रविवारी. बसायला जागा नसली तर कुंपणाबाहेर उभं राहून.

वस्तीत दोन तट. तरणी पोरं तयार. बायकापोरांवाले बिचकतायत. लेकरंबाळं घेऊन कुठं दगड खायला जायचं, असं उघड बोलतायत. चूक नाही त्यांचं. माधवरावांच्या गावातून निरोप आलाय की पौर्णिमेला तिथं वऱ्हाडाचा भंडारा आहे, त्या दिवशी गर्दी नको. आदरानं आलाय निरोप. त्यांचं सगळं आदरानंच असतं.

भि.काकांचा मालक ट्रक देईना. मग कुणाच्या तरी ओळखीनं दुसरा मिळाला, चालवणार काकाच. ते आबांना म्हणाले की गड्या, एवढं करून तिथं आपलं काय हाय? आबा म्हणाले, जायला बंदी हाय का? तेवढंच बगायचंय.

मला कुणी काही विचारलं नाही. यावेळी मी कुणाचा दाखला नाही. हायसं वाटावं, तर वाटत नाही.

२४ मे, शनिवार

उद्या पौर्णिमा. संध्याकाळ आहे, अंगणात लिहितेय. वस्तीतून मेणबत्त्या, फुलं, साखर असं एकेक घरी येऊन पडतंय. मागच्या खेपेपेक्षा कमी माणसं येणार हे त्या सामानावरूनच कळतं. बायांमध्ये माय आणि आणखी थोड्या. लेकरांना ठेवून जाणार.

आबा आत्ता येऊन गेले. माझ्यासमोर पायरीवर बसले. कितीतरी दिवसांनी. आधी उन्हाचं बोलले, मग गाडीच्या टायरचं. मग विचारलं, "उद्या तितं कुनी इचारलं तुला, तर काय सांगशील?"

मी म्हटलं, तेच. लाव्हा. माणसानं केलेलं नाही, देवानंही नाही. आपला विहार नाही आणि त्यांचं वऱ्हाड नाही. दुसरं मला येत नाही आबा.

मला वाटलं उठून जातील.

"मग चल," म्हणाले. "तेच सांग. मला काय पटायचं न्हाई, म्या रूळ सरळ केलेत. पन तू सांग. फकस्त यावक्ती माझ्याकडं तोंड करून सांगू नकोस. शेंदराकडं तोंड करून सांग. भंडाऱ्याला सगळं गाव आसंल, समद्याला ऐकू जाईल आसं."

आणि उठून आत गेले. जेवायला वाढ म्हणाले मायला.

मी किती महिने वाट बघत होते की ते बोलतील. माफ करतील म्हणून नाही, मी गुन्हा केलेला नाही. पण चल म्हणतील म्हणून. म्हणाले. आणि मी उठायचं सोडून वही उघडून बसले आहे.

जानेवारीत मी ताठ उभी राहून बोलले, त्याचा मला आतून अभिमान होता. कुणाला सांगितला नाही, इथंही लिहिला नाही, पण होता. बापासमोरही खरं बोलते मी, असा. आज कळतंय की त्या दिवशी धाडस लागलंच नव्हतं. समोर साहेब मान डोलावत होता, गाव खूश होतं, दुखणार होती ती माझीच माणसं, आणि ती मला काही करणार नव्हती. आबांना हे तेव्हाच कळलं असणार. कधी बोलले नाहीत.

उद्या दगड आला तर ट्रकमध्ये माय असेल. मी बोलले म्हणून आला, असंही म्हणतील, आपलेच म्हणतील. आणि नाही बोलले तर आबा काहीच म्हणणार नाहीत. चप्पल घालून यार्डाकडं जातील.

माय आत विचारतेय, येती का पोरगी, सकाळच्या भाकऱ्या कितीजणांच्या करू? आबा म्हणतायत, तिलाच विचार.

वंदनेसाठी माझी पांढरी साडी दोरीवर वाळत घातली आहे. भाकऱ्यांचं अजून मी काही बोललेले नाही.